यादीत बसणं: तत्त्वज्ञान आणि माहितीशास्त्र एकत्र शिकताना

(म्युनिकमधल्या आपल्या मित्रमंडळाच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी मजकूर बोलण्यात आला तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय कळवला तेव्हा आपल्यापैकी एकाने फोन करून विचारलं, "सत्ताशास्त्र म्हणजे यंदा राजकारणावर बोलणार का?" मी म्हटलं, "नाही हो, तत्त्वज्ञानावर." इंग्रजीत ज्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात, त्याला मराठीत सत्ताशास्त्र हा शब्द आहे. इथे सत्ता म्हणजे असणं, अस्तित्व. जगात काय काय आहे, ते कोणत्या प्रकारचं आहे, एक गोष्ट दुसरीपासून वेगळी कशी ठरते, याचा विचार करणारी ही तत्त्वज्ञानाची शाखा. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं की त्यांचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. काय "आहे" याची यादी जो करतो, त्याच्या हातात दुसऱ्या अर्थाची सत्ताही येते. आज मला मुख्यतः तेवढंच सांगायचं आहे.

मी मूळची सॉफ्टवेअरवाली. पुण्यात इंजिनिअरिंग, तिथेच पहिली नोकरी, मग लग्न आणि म्युनिक. चाळिशीच्या उंबरठ्यावर नोकरीचे तास कमी करून मी पुन्हा विद्यापीठात नाव घातलं, तत्त्वज्ञान आणि माहितीशास्त्र शिकायला. आईने फोनवर विचारलं, "अगं, पण याचा उपयोग काय?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. आज देऊन बघते.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते, कारण ती झाली नसती तर मी या वाटेला गेलेच नसते.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाचसहा मित्रांनी मिळून महाराष्ट्रातल्या मुलींसाठी एक लहानशी शिष्यवृत्ती सुरू केली. पैसे इथून जायचे, निवडीचं काम तिथले शिक्षक मित्र बघायचे. अर्जाचा ऑनलाइन फॉर्म आणि त्यामागचा डेटाबेस मी केला होता. त्यात एक साधा तक्ता होता. एका रकान्यात जातीचं नाव, शेजारच्या रकान्यात तिचा प्रवर्ग. अर्जातली जात आणि दाखल्यावरचा प्रवर्ग माझ्या तक्त्याशी जुळले नाहीत, तर अर्ज आपोआप बाजूला पडायचा. मला वाटायचं, मी खोटे अर्ज अडवते आहे.

सोलापूरच्या एका मुलीचा अर्ज असाच बाजूला पडला. जात कैकाडी. माझ्या तक्त्यात कैकाडीपुढे लिहिलं होतं विमुक्त जाती. तिच्या दाखल्यावर होतं अनुसूचित जाती. तिच्या शिक्षिकेची मेल आली, "मॅडम, दाखला खरा आहे. कृपया पाहावे." मी सरकारी याद्या उघडून बसले. महाराष्ट्रात कैकाडी समाज विदर्भातल्या ठरावीक जिल्ह्यांपुरता अनुसूचित जातींच्या यादीत आहे आणि उरलेल्या राज्यात विमुक्त जातींच्या. दाखला मिळतो तो कुटुंबाच्या मूळ रहिवासावरून, आज राहता त्या गावावरून नव्हे. मुलीचे आजोबा अमरावती जिल्ह्यातले. दाखला बरोबर होता, तक्ता चुकीचा होता. पण हे सगळं मला कळेपर्यंत मुदत संपली होती आणि त्या वर्षीचे पैसे वाटून झाले होते.

लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं. ते याच समाजाच्या जगण्याचं पुस्तक. आपल्यापैकी बहुतेकांनी ते कॉलेजात असताना वाचलं, हळहळलो, चर्चा केल्या. माझ्या इथल्या कपाटातही ते आहे. आणि मी बनवलेल्या तक्त्याने त्याच समाजातल्या मुलीला पुन्हा उपरी ठरवलं. कोणाच्याही मनात वाईट नसताना हे झालं, याचा मला जास्त त्रास झाला.

चूक नेमकी काय होती? माहिती अपुरी होती हे खरंच, पण त्याच्याही आधी माझी समजूत चुकली होती. मी धरून चालले की प्रवर्ग हा जातीचा गुण आहे, जसा पिवळेपणा हा सोन्याचा गुण. वस्तुतः प्रवर्ग हा संबंध आहे. एक नाव, एक प्रदेश, एक सरकारी यादी आणि एक तारीख, या चौघांमधला. बंजारा समाजाचं पाहा. महाराष्ट्रात विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती. तांड्यावरचा माणूस तोच, राज्याची सीमा ओलांडली की रकाना बदलतो. हा गुण की हा संबंध, हा प्रश्न तत्त्वज्ञ शेकडो वर्षं विचारत आले आहेत. मला तो डेटाबेसच्या कुठल्याही तासाला कोणी विचारायला शिकवलं नव्हतं.

तर मी शिकायला निघाले. आता थोडा या विषयाचा इतिहास सांगते, कारण त्यात आपल्या म्युनिकचाही वाटा आहे.

विचार फार जुना. ग्रीकांमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने पदार्थांची विभागणी केली, आपल्याकडे वैशेषिकांनी केली. 'ऑन्टोलोगिया' हा शब्द मात्र छापील स्वरूपात १६०६ साली याकोब लोर्हार्ड याच्या पाठ्यपुस्तकात पहिल्यांदा दिसतो. पुढे १९०० आणि १९०१ मध्ये एडमुंड हुसर्लचा तर्कशास्त्रावरचा मोठा ग्रंथ दोन भागांत आला. त्यात पूर्ण आणि भाग, स्वतंत्र आणि परावलंबी अशा मूलभूत संबंधांचा काटेकोर विचार होता. तो ग्रंथ उचलून धरला म्युनिकमधल्या तरुणांनी. थिओडोर लिप्स या प्राध्यापकाचे हे विद्यार्थी. त्यातला एक अडोल्फ रायनाख. त्याने १९१३ साली एक विलक्षण गोष्ट मांडली. समजा, मी तुम्हाला म्हटलं की पुढच्या महिन्यात पन्नास युरो देईन, आणि तुम्ही ते ऐकलंत. त्या क्षणी जगात दोन नव्या गोष्टी आल्या. तुमचा हक्क आणि माझं बंधन. त्यांना वजन नाही, रंग नाही, पण त्या आहेत, आणि मी पैसे देईपर्यंत किंवा तुम्ही सोडून देईपर्यंत त्या राहतात. माणसाच्या बोलण्यातून आणि ऐकण्यातून उभ्या राहणाऱ्या वस्तूंचं हे शास्त्र होतं. रायनाख पहिल्या महायुद्धात १९१७ साली मारला गेला. त्याचं काम नंतर बराच काळ मागे पडलं.

ते पुन्हा वर काढणाऱ्यांत बॅरी स्मिथ हे ब्रिटिश तत्त्वज्ञ महत्त्वाचे. भाग आणि पूर्ण यांवरचा त्यांनी संपादित केलेला संग्रह १९८२ साली फिलोसोफिया या म्युनिकच्याच प्रकाशनाने काढला. तत्त्वमीमांसा आणि सत्ताशास्त्राचा दोन खंडांचा कोशही १९९१ मध्ये याच प्रकाशनाचा. त्याच सुमारास संगणकवाल्यांना वेगळ्या वाटेने हीच अडचण आली. दोन हॉस्पिटलांच्या नोंदी एकत्र करायच्या, तर एकाचा "ताप" म्हणजे लक्षण आणि दुसऱ्याचा "ताप" म्हणजे आजार. १९९३ मध्ये टॉम ग्रूबर यांनी ऑन्टॉलॉजी हा शब्द संगणकशास्त्रात रुजवला. एखाद्या क्षेत्राकडे बघताना आपण मनात जी मांडणी धरलेली असते, ती उघडपणे आणि काटेकोरपणे लिहून काढणं, असा त्यांचा आशय. १९९८ मध्ये जनुकांच्या माहितीसाठी जीन ऑन्टॉलॉजीचं काम सुरू झालं. २००२ मध्ये स्मिथ यांनी लाइप्झिगला वैद्यकीय माहितीसाठी सत्ताशास्त्राची संस्था काढली. ती पुढे सारब्र्युकनला गेली. त्यांच्या गटाने बांधलेली पायाभूत मांडणी २०२१ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मंजूर झाली. म्हणजे ज्याला आपण निरुपयोगी तत्त्वज्ञान म्हणतो, ते आज स्क्रूच्या मापासारखं मानकांच्या यादीत आहे.

इथलं शिक्षण कसं होतं, असं बरेच जण विचारतात. खरं सांगायचं तर माझ्या पदवीवर ऑन्टॉलॉजी हा शब्द कुठेच नाही. दोन विषय विद्यार्थ्यालाच जुळवून घ्यावे लागतात. लुडविगश्ट्रासवर आपल्या विद्यापीठाचं गणिती तत्त्वज्ञानाचं केंद्र आहे, हानेस लाइटगेब यांनी २०१० मध्ये सुरू केलेलं. तिथे तर्कशास्त्र आणि विज्ञानाचं तत्त्वज्ञान. माहिती आणि भाषाप्रक्रियेचं केंद्र तेव्हा होतं इंग्लिश गार्डनच्या पलीकडे, ओएटिंगेनश्ट्रासवर. दोन्हींच्या मध्ये मी सायकल मारायची. एका बाजूला विचारायचे, "हे तुम्हाला सिद्ध करता येतं का?" पलीकडे विचारायचे, "हे चालतं का?" बागेतल्या त्या दहा-पंधरा मिनिटांत माझं अर्धं शिक्षण झालं.

शिकले काय, तर काही सवयी. एक उदाहरण देते. "आहे" या आपल्या छोट्या शब्दात किती गोष्टी लपतात बघा. म्युनिक हे शहर आहे. मारीनप्लात्स म्युनिकमध्ये आहे. माझी शेजारीण रुग्ण आहे. पहिल्यात प्रकार सांगितला, दुसऱ्यात भाग, तिसऱ्यात भूमिका. इटलीचे निकोला ग्वारिनो आणि अमेरिकेचे क्रिस वेल्टी यांनी २००० च्या सुमारास यासाठी एक कसोटी मांडली. रुग्णपण गेलं तरी माणूस उरतो, माणूसपण गेलं तर काही उरत नाही. म्हणून माणूस हा प्रकार आणि रुग्ण ही भूमिका. ज्या डेटाबेसमध्ये हा फरक पाळलेला नसतो, तिथे हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या माणसाची नोंद काढताना माणूसच पुसला जातो. ऐकायला गंमत वाटते, पण असे डेटाबेस मी स्वतः दुरुस्त केले आहेत.

आणि इथेच मला घरची आठवण झाली. आजोबांच्या कपाटात 'तर्कसंग्रह' होता, अन्नंभट्टाचा. अथल्ये आणि बोडस यांची त्यावरची मुंबईची आवृत्ती १८९७ ची. भीमाचार्य झळकीकरांचा 'न्यायकोश' तर त्याच्याही आधीचा. म्हणजे हा अभ्यास महाराष्ट्रात दीड शतक छापील रूपात आहे. मी ते सगळं म्युनिकमध्ये बसून पहिल्यांदा गंभीरपणे वाचलं. द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय, अभाव असे सात पदार्थ. त्यातलं सामान्य म्हणजे अनेक गायींमध्ये असणारं एक गोत्व. या सामान्यालाच न्यायशास्त्रात दुसरा शब्द आहे, जाति.

आता नीट ऐका. नैयायिकांनी असा प्रश्न विचारला की अनेक वस्तूंना लागू पडणारा प्रत्येक शब्द खरी जाति दाखवतो का? नाही. काही नुसत्या उपाधी असतात, म्हणजे बाहेरून आलेल्या. स्वयंपाक करणाऱ्याला आपण पाचक म्हणतो, पण पाचकत्व ही जाति मानायची गरज नाही. तो स्वयंपाक करतो म्हणून आपण त्याला तसं म्हणतो. उदयनाचार्यांनी हजारेक वर्षांपूर्वी सहा जातिबाधकं सांगितली, म्हणजे खऱ्या जातीच्या दाव्याला अडवणाऱ्या सहा कसोट्या. आकाश एकच, म्हणून आकाशत्व ही जाति नाही. घटत्व आणि कलशत्व नेमक्या त्याच वस्तूंना लागू पडतात, म्हणून त्या दोन जाति नाहीत. दोन धर्म एकमेकांत अर्धवट घुसत असतील तर तो संकर, तिथेही जाति नाही. ग्वारिनो आणि वेल्टी यांचा लेख आणि उदयनाची सहा बाधकं मी एका कागदावर शेजारी शेजारी लिहिली, तेव्हा दोघांचा खटाटोप एकाच जातीचा आहे हे दिसलं. बघा, पुन्हा तोच शब्द आला.

लगेच कोणी म्हणेल, म्हणजे आमच्याकडे सगळं आधीच होतं! त्याबद्दल सावध राहिलं पाहिजे, कारण याच गोष्टीची दुसरी बाजू आहे. इतक्या धारदार कसोट्या हातात असताना ब्राह्मणत्वाचं काय केलं? कुमारिल भट्टासारख्या मीमांसकांनी ती खरी जाति मानली, डोळ्यांना दिसणारी, फक्त वंश माहीत हवा. पाचकत्वाला जी कसोटी लावली ती स्वतःला लावली नाही. ती लावली बाहेरच्यांनी. बौद्ध आचार्यांनी, आणि अकराव्या शतकात प्रभाचंद्र या जैन आचार्यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गाय आणि घोडा यांतला फरक बघून कळतो. ब्राह्मण आणि शूद्र यांतला फरक कोणी सांगितल्याशिवाय कळतच नाही, मग तो वस्तूत आहे असं कसं म्हणता? १९३६ साली बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' लिहिताना जातीला विटांची भिंत मानलं नाही, ती मनातली धारणा आहे असं म्हटलं. न्यायाच्या भाषेत बोलायचं तर आपली जात ही जाति नाहीच, ती उपाधी आहे. रायनाखच्या भाषेत, ती माणसांनी बोलून, वागून आणि नोंदवून उभी केलेली वस्तू आहे. पण उपाधी आहे म्हणून खोटी आहे असं नव्हे. कर्जालाही वजन नसतं, तरी ते घर विकायला लावतं.

अशा तऱ्हेने दोन परंपरांना समोरासमोर बसवणं शक्य आहे, हे पुण्याने दाखवलंही आहे. १९८३ मध्ये मे. पुं. रेगे, दया कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संस्कृत पंडित आणि पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले तत्त्वज्ञ यांची परिषद तिथे भरवली. रसेलच्या विधानविषयक कल्पनेवर नैयायिकांनी आपापली मतं दिली. 'संवाद' या नावाने ते पुस्तकरूपात १९९१ मध्ये आलं. माहितीशास्त्राच्या बाजूला आपल्याकडे एस. आर. रंगनाथन होऊन गेले. लंडनच्या दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून त्यांना सुचलं की पुस्तकाला आधीच ठरलेल्या कप्प्यात कोंबण्यापेक्षा विषयाचे सुटे भाग जोडून त्याची जागा ठरवावी. त्यातून १९३३ साली त्यांचं कोलन वर्गीकरण आलं. १९६२ मध्ये त्यांनी बंगलोरला काढलेल्या संस्थेत आजही हा विषय शिकवला जातो. कप्पा आधी की वस्तू आधी, हाच तर माझ्या तक्त्याचा प्रश्न होता.

आता माझ्या तक्त्याहून फार मोठ्या तक्त्याकडे येऊ. २०११ मध्ये भारतात सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय पाहणी झाली. तिची जातींची आकडेवारी बाहेर आली नाही. महाराष्ट्र सरकारने ती मागितली तेव्हा २०२१ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं. १९३१ च्या जनगणनेत देशात ४,१४७ जाती होत्या, या पाहणीत ४६ लाखांवर नावं आली. महाराष्ट्रात अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास मिळून अधिकृत जाती ४९४, आणि पाहणीत निघाल्या ४,२८,६७७! कारण काय? जातींची आधी ठरलेली यादी नव्हती. प्रगणकाने ऐकलं तसं लिहिलं. कुणी जात सांगितली, कुणी पोटजात, कुणी आडनाव, कुणी कुळी. केरळमधल्या माप्पिला समाजाचं नाव चाळीस प्रकारे लिहिलं गेलं आणि चाळीस जाती झाल्या. नाव आणि नावाने दाखवलेली वस्तू यांत फरक न केल्याने एवढ्या मोठ्या पाहणीतली जातींची आकडेवारी वाया गेली. उलट दिशेची अडचणही असते. धनगड आणि धनगर हा एकाच नावाचा लेखनभेद की दोन वेगळे समाज, हा वाद न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धनगरांच्या बाजूच्या याचिका फेटाळल्या. एका अक्षरावर लाखो लोकांची शिक्षणं आणि नोकऱ्या टांगलेल्या असतात.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने पुढच्या जनगणनेत जात नोंदवायचा निर्णय घेतला. त्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ही ठरवली आहे. मी जातनिहाय गणनेच्या बाजूची आहे. मोजलं नाही तर अन्याय दिसत नाही, आणि न दिसणारा अन्याय ज्यांच्या सोयीचा असतो ते "आम्ही जात मानत नाही" असं सहज म्हणू शकतात. पण मी म्युनिकमध्ये राहते, म्हणून दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे.

या देशात १७ मे १९३९ ला जनगणना झाली. तिच्यासोबत प्रत्येक घराला एक पुरवणी पत्रिका होती. तुमच्या चार आजीआजोबांपैकी प्रत्येकजण वंशाने ज्यू होता का, असा तिच्यात प्रश्न होता. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी माणूस कोण, हे आजीआजोबा मोजून ठरवायला सुरुवात केलीच होती. जनगणनेची माहिती छिद्रं पाडलेल्या पत्त्यांवर यंत्राने मोजली गेली. उपाधीला जाति मानलं आणि तिच्यामागे राज्ययंत्रणा उभी केली की काय होतं, हे पाहायला या शहरातून डाखाउला जाणारी लोकल पुरते. म्हणूनच १९८०च्या दशकात पश्चिम जर्मनीत जनगणनेवर बहिष्काराची चळवळ झाली आणि १५ डिसेंबर १९८३ ला घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला की आपल्याबद्दलच्या माहितीचं काय व्हावं हे ठरवण्याचा हक्क माणसाचा आहे. जनगणना लांबली आणि १९८७ मध्ये, बदललेल्या नियमांनी झाली.

आपल्या मुलांचंच बघा. २००५ पासून इथल्या सरकारी आकडेवारीत "स्थलांतराची पार्श्वभूमी असलेली व्यक्ती" असा वर्ग आला. स्वतः किंवा आईवडिलांपैकी एकजण जन्माने जर्मन नागरिक नसेल तर तुम्ही त्यात. इथेच जन्मलेली, बायरिश बोलणारी माझी मुलगी त्यात बसते. शाळेतून येऊन तिने विचारलं, "आई, माझी पार्श्वभूमी कुठे असते?" तज्ज्ञ समितीने २०२१ मध्ये ही व्याख्या बदलायला सुचवलं आणि २०२३ पासून सांख्यिकी कार्यालय "स्थलांतराचा इतिहास" हा वेगळा वर्ग वापरू लागलं. त्यात ती व्यक्ती स्वतः किंवा तिचे आई आणि वडील दोघेही बाहेरून आलेले असावे लागतात. व्याख्येतला एक शब्द बदलला आणि हजारो घरांतली मुलं एका कप्प्यातून बाहेर पडली. मुलं तीच. अमेरिकेतही डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये काँग्रेसच्या ग्रंथालयाला विचारलं की पुस्तकांच्या विषयसूचीत माणसांना "बेकायदा परके" का म्हणता? वाद संसदेपर्यंत गेला, पण २०२१ मध्ये ते शीर्षक बदललं. यादी बदलता येते. मात्र तिच्याशी भांडणाऱ्याला ती कशी बनते हे माहीत असावं लागतं.

मग मोजायचं की नाही? माझं उत्तर असं: मोजायचं, पण माणसाच्या अंगावर शिक्का म्हणून नव्हे, नोंद म्हणून. डेटाबेसच्या भाषेत सांगते. "या व्यक्तीची जात अमुक" असं लिहिण्याऐवजी "अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक व्यक्तीने किंवा कार्यालयाने, अमुक कारणासाठी हे नाव नोंदवलं" असं लिहायचं. फरक बारीक वाटतो. पण पहिल्या वाक्याशी वाद घालता येत नाही, दुसऱ्याशी येतो. नोंद चुकली असं म्हणता येतं, जुनी झाली असं म्हणता येतं, कारण संपलं म्हणून ती पुसून टाकायची मागणीही करता येते. यापुढे कुठलाही फॉर्म बनवताना किंवा भरताना तुम्हीही एवढं विचारून बघा. हा गुण आहे की संबंध? ही यादी कोणी केली? यादीत न बसणारा माणूस कुठे जातो? आणि चूक झाली तर ती कोणाला सांगायची?

हल्ली म्हणतात, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, याद्या हाताने कशाला करायच्या. मी त्या क्षेत्रातही काम करते. यंत्र लाखो मजकूर वाचून प्रत्येकाला एक बरा दिसणारा कप्पा सुचवतं. पण तो कप्पा कोणी ठरवला असं विचारलं तर समोर कोणीच नसतं. माझ्या तक्त्याच्या बाबतीत निदान त्या शिक्षिकेला मला मेल पाठवता आली.

आपल्या घरांतल्या मुलांना कोणाला तत्त्वज्ञान घ्यावंसं वाटलं तर त्यांना अडवू नका. सोबत तर्कशास्त्र पक्कं करायला सांगा, एखादी डेटाबेसची भाषा शिकायला सांगा, आणि वैद्यक, कायदा, ग्रंथालय असं एखादं खऱ्या जगातलं क्षेत्र धरायला सांगा. ट्रेंटो, बफेलो, बंगलोर अशा ठिकाणी या अभ्यासाच्या परंपरा आहेत, आणि म्युनिकमध्ये सायकल असली की झालं. नोकऱ्या मिळतात, हे आईसाठी सांगून ठेवते. पण खरा उपयोग असा, की जिथे याद्या बनतात त्या टेबलाशी आपल्यापैकी कोणीतरी प्रश्न विचारायला बसलेलं असतं.

त्या मुलीचं काय झालं, हे विचारणारच तुम्ही. तक्ता मी मोडला. आता त्यात नावाबरोबर प्रदेश, यादी आणि तारीख असते, आणि काही जुळलं नाही तर अर्ज बाजूला पडत नाही, तो माणसाकडे येतो. पुढच्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला आणि तिला शिष्यवृत्ती मिळाली. मधलं वर्ष तिने सकाळी कॉलेज आणि दुपारी दुकानात काम असं काढलं. मी माफी मागायला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "ताई, आमचे अर्ज नेहमीच परत येतात, मला वाटलं तसंच असेल." तिला त्यात काही नवल वाटलं नव्हतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.